हस्तांतरास मनाई

रात्री पावणेबाराला पत्र आलं.
नाव विकत हवं, एस्पेरांसाडोदोल-डॉट-इन,
ऐंशी हजार देतो,
तुम्ही फक्त कोड कळवा,
पाच दिवसांत आमच्याकडे येईल, कुणाला त्रास नाही.

पत्र मला होतं.
दुसऱ्यांदा वाचताना अडखळलो:
मला का?

म्हापशात, कापडबाजाराच्या मागे, दुसऱ्या जिन्यावर माझं दुकान.
लग्नपत्रिका, पावतीबुकं, नोवेनाची पत्रकं,
अलीकडे संकेतस्थळंही.
नऊ वर्षांपूर्वी हळदोण्याची एस्पेरांसा आली,
बोटांना काळ्या गुळाचा वास,
म्हणाली, लंडनची भाची सांगते, नाव घालून ठेव, कोणी घेईल.
फॉर्मवर 'मालक' असा रकाना होता.
तिला ईमेल नव्हता. वीज जायच्या आत उरकायचं होतं.
मी माझा टाकला.
दर मे महिन्यात बिल: नूतनीकरण, नऊशे रुपये.
ती रुमालाची गाठ सोडून देते, पावती मागत नाही.

त्या रात्री मी नोंद उघडली.
मालक: रोहिदास हरमलकर.
पुढे स्थिती, इंग्रजी दोनच अक्षरं: ओके.
ज्या नावाला कुलूप नाही
त्याच्यापुढे यंत्र तसं लिहितं. ओके.
कुलूप घातलं तर मात्र लांबलचक, कचेरीतल्या पाटीसारखं
मनाईचं वाक्य येतं.
नऊ वर्षं मी 'ओके' वाचून पुढे गेलो.

माझा बाप मुंडकार.
भिंती आमच्या, कौलं आमची, अंगणातलं शेण आमचं,
जमीन कागदावर भाटकाराची.
एकोणीस वर्षं तो मामलेदाराच्या बाकावर बसला,
तारीख घेऊन शेवटच्या बसने परत.
भाटकार वाईट नव्हता. चवथीला
माटोळीसाठी सुपाऱ्यांचा घोस पाठवायचा.
तो काही करतच नव्हता.
नोंद त्याच्या बाजूने बसून होती, तेवढं पुरत होतं.

ऐंशी हजार. खोटं कशाला बोलू,
छपाईयंत्राचा हप्ता, धाकटीची फी,
बेरीज करून झाली होती, तिच्याच बिलाच्या पाठीवर.
ह्यात चोरी कुठे सापडली असती?
कोड माझ्याकडे,
संमतीची मेल मला,
'होय' दाबणारा मी.
चोर भिंत फोडून येतो असं आपण धरून चालतो.

सकाळी स्कूटर काढली, बस्तोड्यावरून हळदोणे.
ती परसात, चुलीवर मोठी कढई,
डोदोल घोटत होती. तो टाकून उठता येत नाही, बुडाला लागतो.
म्हणून उभ्याउभ्याच सांगितलं,
रकाना, ईमेल, ऐंशी हजारसुद्धा,
बिलाच्या पाठीवरची बेरीजसुद्धा.
तिचा हात थांबला नाही.
मग म्हणाली,
"तर नव वर्सां हांव तुजी मुंडकार?"
हसली की काय, धुरात दिसलं नाही.

काम अर्ध्या तासाचं होतं.
तिच्या नावे ईमेल, मालकाच्या रकान्यात ती,
तिच्याच फोनवर येणारे सहा आकडे,
आणि शेवटी कुलूप.
'ओके' गेलं. लांब वाक्य आलं.
तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मराठीत:
हस्तांतरास मनाई.
कोड कागदावर उतरवून पत्र्याच्या डब्यात ठेवला,
बाप्तिस्म्याच्या दाखल्याखाली, घरपट्टीच्या पावत्यांवर.

उरला पासवर्ड.
लॅपटॉप तिने मांडीवर ओढला.
"थंय पळय," म्हणाली, विहिरीकडे बोट दाखवून.
मी विहिरीकडे पाहिलं. काठावर निरफणसाचं पान पडलं होतं,
वाळून हातपंख्याएवढं.
मागे एकेका बोटाने, थांबत थांबत,
कळा वाजत होत्या.

सोळा.
मोजायचं नव्हतं मला.